बसऱ्याच्या लढाईत गेलेले पणजोबा : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌जचा मोफत शोध कुठवर नेतो आणि कुठे सोडतो

मराठा पलटणीतल्या दोन नावांवर महायुद्धांतल्या मृतांच्या या शोधसेवेची परीक्षा घेता येते. पहिलं नाव नाईक यशवंत घाडगे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरं नाव शिपाई नामदेव जाधव. पलटण तीच, फक्त बटालियन वेगळी. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनियो नदीवर त्यांनी तोच क्रॉस मिळवला, पण ते जिवंत परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संकेतस्थळावर घाडगे अर्ध्या मिनिटात सापडतात : हुद्दा, बटालियन, तारीख, कसिनो स्मारकावरचं नाव, सगळं. जाधव मात्र कितीही शोधले तरी मिळणार नाहीत, कारण ही मेलेल्यांची यादी आहे.

एवढं ध्यानात ठेवून वापरली, तर या सेवेला पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. न ठेवता वापरली, तर आठवडाभर डोळे फोडून हाती काही लागत नाही आणि शेवटी माणूस "इंग्रजांनी आपल्या लोकांची नोंदच ठेवली नाही" असं म्हणून उठतो. हा आरोप अर्धा खरा आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

कमिशनची स्थापना १९१७ ची. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुल सैन्यांतल्या सुमारे १७ लाख माणसांच्या नोंदी त्याच्याकडे आहेत. शोध पूर्ण मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही. पण तारखांची चौकट कडक आहे : पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात नोकरीत असताना कशानेही मेलेला माणूस यादीत येतो. गोळी लागलेली असलीच पाहिजे असं नाही. कॉलरा, हिवताप, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, अपघात, सगळं चालतं. मात्र माणूस आधी सेवामुक्त होऊन गावी येऊन वारला असेल, तर तो आजार किंवा ती जखम नोकरीतलीच होती याचा कागद लागतो. "लढाईवरून आले आणि वर्षभरात गेले" अशी आठवण अनेक घरांत असते. ती खरी असली तरी असा माणूस बहुधा या यादीत नसतो.

म्हणून संगणकासमोर बसण्याआधी घरातली ट्रंक उघडा. पहिल्या युद्धात मेलेल्याच्या वारसांना काशाची गोल तबकडी दिली जाई, साधारण १२ सेंटीमीटर व्यासाची. तिच्यावर सिंहासह ब्रिटानियाची आकृती असते आणि माणसाचं नुसतं नाव असतं. हुद्दा नाही, पलटण नाही. देवघरात किंवा माळ्यावर अशी तबकडी असेल तर शोध इथेच, याच संकेतस्थळावर करायचा. तबकडी नाही, पण पेन्शनचं पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद आहे, म्हणजे माणूस परत आला होता. मग मधला मृतांच्या शोधाचा भाग सोडून थेट पुढच्या रेकॉर्ड ऑफिसच्या परिच्छेदाकडे जा.

पदकं असतील तर चेहरा नाही, कड वाचा. पहिल्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दिवाळीला चिंच-राख लावून पदक घासायची घरोघरची सवय इथे नडते, कारण वर्षानुवर्षं घासून कडेची अक्षरं सपाट होतात. यापुढे घासू नका. कडेवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की पुसट आकडेही उमटतात. तिरप्या उजेडात काढलेला मोबाइलचा फोटो त्याहून बरा. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नसून काशाचं असेल, तर तो माणूस लढाऊ शिपाई नव्हता. तो फॉलोअर (पलटणीसोबतचा बिनलढाऊ चाकर) किंवा लेबर कोअरमधला मजूर होता, त्यामुळे पलटणीच्या नावाने शोधून मिळणार नाही. दुसऱ्या युद्धाच्या ताऱ्यांच्या बाबतीत कडेचा भरवसा धरू नका. काहींवर नाव असतं, काही कोरे असतात. पण तारा कोणता हेच रणांगण सांगतं : बर्मा स्टार, इटली स्टार, आफ्रिका स्टार.

नंबर मिळाला की निम्मं काम झालं. फक्त एक लक्षात ठेवा. पहिल्या युद्धात शिपायाचे नंबर पलटणीनिहाय होते. २३४५ हा नंबर चार वेगवेगळ्या पलटणींत चार वेगवेगळ्या माणसांचा असू शकतो. नंबर आणि पलटण ही जोडी एकत्रच वापरायची.

आता शोध. पहिली चूक सगळेच करतात : आडनावाच्या रकान्यात आजचं आडनाव, आजच्या स्पेलिंगने. भरतीच्या वेळी कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत उतरवलं. नामदेव जाधवांचंच आडनाव काही ठिकाणी मधल्या 'एच'शिवाय, 'जादव' म्हणता येईल असं लिहिलेलं आहे. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही गत, तर साध्या शिपायाची काय असणार? शिंदेतला 'एच' गळून 'सिंदे' होतो, भोसलेत मध्येच 'एन' घुसतो, चव्हाणात 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' येतो, सावंतमध्ये त्याच्या उलट होतं. शिवाय पहिल्या युद्धाच्या नोंदींत कित्येकदा आडनाव नाहीच. 'सखाराम' एवढंच नाव, किंवा नाव आणि आडनाव दोन्ही आडनावाच्याच रकान्यात. काही ठिकाणी आडनावाच्या जागी बापाचं नाव.

त्यामुळे आडनावाचा रकाना कोराच ठेवा. प्रगत शोधात 'अतिरिक्त माहिती' असा रकाना आहे, त्यात गावाचं नाव टाका. भारतीय शिपायांच्या नोंदींत बहुधा एक ठरावीक वाक्य असतं : अमुकचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा, मुंबई. हे वाक्यच तुमचं खरं शोधयंत्र आहे. कोणत्या देशाच्या सैन्यात याच्या गाळणीत 'भारतीय' निवडा, युद्ध निवडा, गाव टाका. गाव मिळालं नाही तर तालुका, तोही नाही तर जिल्हा.

जिल्हा मात्र तेव्हाचा हवा. रायगड टाकून एकही माणूस मिळणार नाही, तेव्हा तो कुलाबा होता. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, म्हणून मालवण, देवगड, कणकवली हे सगळं रत्नागिरीत शोधायचं. सावंतवाडी मात्र संस्थान होतं, त्यामुळे ते वेगळं येतं. कोल्हापूर, सांगली, मिरज, फलटण, औंध, भोर हीही संस्थानं. पुण्याचं स्पेलिंग 'पूना'. गावांच्या स्पेलिंगची तीच कथा : 'वाडी'तला 'डब्ल्यू' आणि 'व्ही' दोन्ही करून बघा, 'खेड'सारखं छोटं नाव तालुक्यासकट टाका, नाहीतर पुण्याचं आणि रत्नागिरीचं खेड एकत्र होऊन बसतं. 'बुद्रुक', 'खुर्द' कधीच टाकू नका, कारकुनाने ते लिहिलेलं नसतं.

पलटणीचं नावही जुनंच हवं. पहिल्या युद्धात मराठा पलटणी अशा होत्या : १०३, १०५ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री, आणि ११४, ११६, ११७ मराठाज्. स्पेलिंगमध्ये 'एम-ए' नंतर आधी 'एच' येतो आणि 'टी' दोनदा येतो. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर यादी रिकामी येईल. १९१७-१८ मध्ये यांतल्या काहींच्या दुसऱ्या बटालियनीही उभ्या झाल्या, म्हणून नंबराआधी '२' दिसला तर ती टंकनाची चूक समजू नका. १९२२ मध्ये या सगळ्या मिळून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. दुसऱ्या युद्धाच्या नोंदी त्याच नावाखाली आहेत. महार शिपाई पहिल्या युद्धात १९१७ मध्ये उभारलेल्या १११ महार्समध्ये मिळतील. ती पलटण १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली, त्यामुळे १९४१ च्या आधीच्या माणसाला तिच्यात शोधणं व्यर्थ आहे. आणि सगळे मराठी शिपाई मराठा पलटणींतच होते असंही नाही. १०७, १२१ आणि १२८ पायोनियर्स आणि खडकीचे सॅपर्स अँड मायनर्स (रस्ते-पूल बांधणाऱ्या लष्करी तुकड्या) यांत घाटावरची आणि कोकणातली पुष्कळ माणसं होती. घरात "पणजोबा पूल बांधायला होते" अशी आठवण असेल तर सुरुवात तिथून करा.

या सेवेची सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय म्हणजे शोधाचे निकाल फाइल म्हणून उतरवून घेणं. उदाहरणार्थ, ११७ मराठाजची पहिल्या युद्धातली पूर्ण यादी एका फटक्यात उतरवा आणि एक्सेलमध्ये 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यावर गाळणी लावा. मग स्पेलिंगचा त्रास उरत नाही. तालुक्याची सगळी नावं डोळ्यांनी वाचता येतात, आणि संगणकाला न कळणारं 'मोरे'चं तिरपागडं स्पेलिंग मराठी डोळ्याला लगेच कळतं. एका पलटणीला तासभर लागतो. हाच तास कुटुंबाच्या वंशावळीच्या संकेतस्थळांवर पैसे भरून घालवण्यापेक्षा कितीतरी जास्त फळ देतो.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव नीट वाचा. बहुतेक लोक ते नुसतं "कबर कुठे आहे" म्हणून वाचतात आणि तिथेच चुकतात. हिंदू शिपायांचं दहन झालं, म्हणून त्यांची कबर नसते. इटलीत सांग्रो आणि फोर्ली, इरिट्रियात केरन, मणिपुरात इंफाळ अशी दहन स्मारकं आहेत. तिथल्या नावाचा अर्थ त्याचं दहन झालं आणि त्याची नोंद झाली. उलट कसिनो, सिंगापूर किंवा ब्रह्मदेशातलं रंगून स्मारक म्हणजे त्याची अंतिम जागा माहीत नाही. रंगून स्मारकावर जवळजवळ २७,००० नावं आहेत. घरच्यांना हे सांगताना फरक पडतो.

पहिल्या युद्धातल्या मराठी माणसांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा दिसणारं नाव म्हणजे बसरा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या जनरल टाउनशेंडच्या ६ व्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन कुट-अल-अमारात डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. "बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" हे वाक्य कोकणात आणि साताऱ्याकडे अजून ऐकू येतं, त्याचं मूळ इथे आहे. बसरा स्मारकावर मेसोपोटेमियातल्या ४०,५०० हून अधिक माणसांची स्मृती आहे. पण तिथल्या भिंतींवर ब्रिटिश माणसांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. भारतीय शिपायांची नावं कोरली नाहीत. पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आला. नावं छापील रजिस्टरात गेली. १९९७ मध्ये ते अख्खं स्मारक बसऱ्याजवळच्या धक्क्यावरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेलं गेलं. त्यामुळे कोणी "बसऱ्याला जाऊन पणजोबांच्या नावाचा फोटो काढू" म्हणत असेल तर त्याला आधी हे सांगा.

ही विषमता कमिशनने स्वतःच मान्य केली आहे. २०२१ च्या त्याच्या अहवालानुसार पहिल्या युद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची स्मृती इतरांच्या बरोबरीने जपली गेली नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावाने नोंदच झाली नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो असंही अहवाल म्हणतो. यातले बरेच आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले आहेत. वर ज्या आरोपाला अर्धा खरा म्हटलं तो अर्धा भाग हाच. मराठी शोधकर्त्यासाठी त्याचा व्यावहारिक अर्थ असा : मुंबई इलाख्यातला लढाऊ शिपाई न सापडण्याचं कारण बहुतेकदा स्पेलिंग असतं, पण फॉलोअर, खेचरवाला, हमाल न सापडण्याचं कारण खरोखरच नोंद नसणं असू शकतं.

गावाच्या चावडीवर किंवा देवळाच्या ओसरीत पहिल्या युद्धाचा दगडी फलक असेल तर तो इथे कामी येतो. अशा फलकावर गावातून किती माणसं महायुद्धाला गेली आणि किती मेली एवढेच दोन आकडे असतात, नावं नसतात. दुसरा आकडा टिपा आणि गावाच्या नावाने केलेल्या शोधाशी ताडून बघा. फलक म्हणतो तीन, यादी देते दोन, तर तिसऱ्याला शेजारच्या वाडीच्या नावाने शोधा. भरतीच्या वेळी वाडीऐवजी मोठं गाव, किंवा उलट, लिहिणं सर्रास होतं.

कोकणातल्या खलाशांसाठी वेगळी वाट आहे आणि तिचा कुणी विचारच करत नाही. मालवाहू जहाजांवरचे लस्कर, म्हणजे खलाशी, बुडून मेले तर त्यांचं नाव मुंबईच्या मशीद बंदरावरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात आहे. पहिल्या युद्धाचे २,००० हून अधिक तिथे आहेत. दुसऱ्या युद्धासाठी तिथे स्मृतिपुस्तक आहे आणि तशीच प्रत चितगावच्या युद्ध कब्रस्तानात आहे. शोधताना पलटणीच्या जागी जहाजाचं नाव टाका. घरात "बोट फुटली" एवढीच आठवण असली तरी वर्ष माहीत असेल तर पुरतं. वर्षाची आणि स्मारकाची गाळणी लावून यादी उतरवली की बापाचं नाव आणि गाव वाचून माणूस सापडू शकतो.

आता परत आलेल्यांचा शोध. मोठी संख्या त्यांचीच आहे आणि इथे कमिशनच्या सेवेला शून्य गुण. बरेच जण मग ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडे अर्ज करतात. तो पैसा आणि वेळ वाया जातो. भारतीय सैन्यातल्या शिपायांच्या सेवानोंदी ब्रिटनकडे नाहीत, त्या भारताच्या आणि पाकिस्तानच्या सैन्याकडे गेल्या. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात मुख्यतः अधिकाऱ्यांचे कागद आहेत. आजोबा जमादार किंवा सुभेदार असतील तर त्याहून सोपी वाट म्हणजे तेव्हाच्या छापील इंडियन आर्मी लिस्ट. पहिल्या युद्धाच्या काळातल्या याद्यांत पलटणीनिहाय भारतीय अधिकाऱ्यांची नावं असतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अशा बऱ्याच याद्या मोफत ठेवल्या आहेत. शिपाई, नाईक, हवालदार यांची नावं त्यांत नसतात.

शिपायासाठी दार एकच : त्याच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, आर्मी मेडिकल कोअरचं लखनौला, ईएमईचं (लष्कराच्या यांत्रिक-विद्युत अभियंत्यांच्या दलाचं) सिकंदराबादला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला. पलटण मोडली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर तिचा वारस कोण हे आधी ठरवा, नाहीतर अर्ज चार ऑफिसांत फिरत राहतो.

इथे काय मिळेल याचा अंदाज आधीच बांधा. पेन्शन न घेता सेवामुक्त झालेल्या जवानाची सेवेची कागदपत्रं, म्हणजे शीट रोल, २५ वर्षांनी नष्ट करायची असा सैन्याचा नियम आहे. १९४२-४३ मध्ये भरती होऊन १९४६-४७ मध्ये घरी आलेले बहुसंख्य लोक बिनपेन्शनीच होते. म्हणजे त्यांची पूर्ण फाइल १९७२ च्या आसपासच गेली. उरतं ते लाँग रोल रजिस्टर : एका ओळीत नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख आणि कारण. अर्जात "संपूर्ण सेवानोंद द्या" असं लिहिलंत तर उत्तर येतं "नष्ट केली आहे", आणि ते खरंच असतं. म्हणून अर्जात स्पष्ट शब्दांत लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत मागा. हा एक शब्द पुष्कळ फरक करतो. आजोबा किंवा आजी पेन्शन घेत असतील तर चित्र वेगळं. तेव्हा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक) द्या, कागद असण्याची शक्यता बरीच जास्त.

पहिलं पत्र साधंच पाठवा, स्पीड पोस्टाने : नंबर, नाव (तेव्हाच्या स्पेलिंगसह सगळे पर्याय), बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा तेव्हाचा, भरतीचं अंदाजे वर्ष, तुमचं नातं आणि ते दाखवणारे कागद. नातू असाल तर दोन पिढ्यांची साखळी लागते. शाळा सोडल्याचा दाखला, मृत्यू दाखला, रेशनकार्ड यांतून ती जोडता येते. बरेच दिवस उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर संरक्षण मंत्रालयाखाली भारतीय सेना निवडा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. मजकुराची मर्यादा ३,००० अक्षरं आहे, जास्त असेल तर पीडीएफ जोडा. "ही तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती आहे" म्हणून नकार आला तर घाबरू नका. कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीला खासगीपणाची ही सबब लागू होत नाही. पहिलं अपील ३० दिवसांच्या आत, त्यात हे कलम लिहा. अर्जात प्रश्न विचारू नका ("आजोबांनी कुठे लढाई केली?"), दस्तऐवज मागा. माहिती अधिकारात असलेला कागद मिळतो, कोणी संशोधन करून देत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अनेकदा विसरलं जातं. दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनी माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासनाचं मासिक अनुदान मिळतं. आजीने कधी ते घेतलं असेल, तर अर्जासोबत जोडलेल्या डिस्चार्ज बुकाची प्रत तिथल्या फाइलमध्ये असू शकते. रेजिमेंटने नष्ट केलेला कागद साताऱ्याच्या किंवा अलिबागच्या कपाटात मिळण्याचा हा मार्ग आहे, आणि त्याला दिल्लीला जावं लागत नाही.

नंबर, पलटण आणि तारीख हातात आली की लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची वेळ. त्याआधी तिथे जाऊ नका, कारण तिथलं काही नावाने शोधायचं नाही. पहिल्या युद्धाच्या पलटणींच्या दैनंदिन्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत, मेसोपोटेमियाच्या संगणकावर उतरवलेल्या आहेत. दुसऱ्या युद्धाच्या मध्यपूर्वेसाठी डब्ल्यूओ १६९, इटलीसाठी डब्ल्यूओ १७०, ब्रह्मदेश-इंफाळसाठी डब्ल्यूओ १७२. यांतल्या बहुतेक अजून कागदावरच आहेत आणि प्रत काढायला पैसे पडतात. आधी संदर्भ क्रमांक पक्का करा, मग मागवा. दैनंदिनीत शिपायाचं नाव शोधू नका. "२ आय.ओ.आर. ठार" अशी ओळ येते, म्हणजे दोन भारतीय शिपाई. कमिशनच्या नोंदीतली तारीख आणि ही ओळ जुळवली की त्या दोनपैकी एक आपला, हे कळतं. दुसऱ्या युद्धात शौर्यपदक मिळालं असेल तर डब्ल्यूओ ३७३ मध्ये शिफारस सापडते, आणि तिथे मात्र नावाने शोध चालतो. नाईक-शिपायाने नक्की काय केलं हे सविस्तर सांगणारा कागद बऱ्याचदा हाच एक असतो.

कुटला कैद झालेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं मोफत ठेवली आहेत. मांडणी वर्णक्रमाने आहे, शोधयंत्र नाही. एकेक पान उलटावं लागतं, आणि स्पेलिंगचा वर सांगितलेला सगळा गोंधळ इथे दुप्पट होतो, कारण नावं तुर्कांकडून आलेली. संध्याकाळ मोकळी असेल तरच सुरू करा. आणि कैदेत मेलेल्याची मृत्यूची तारीख नंतर कागदोपत्री ठरवलेली असू शकते, म्हणून श्राद्धाची तिथी त्यावरून बदलायला निघू नका.

पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांबद्दल थोडक्यात. ब्रिटिश पूर्वजांसाठी ती उत्तम असतील, पण मराठी शिपायासाठी तिथे जे मिळतं ते बहुतेक कमिशनच्याच यादीवरून उचललेलं असतं, आणि 'अतिरिक्त माहिती'चं ते मोलाचं वाक्य कधीकधी गळालेलं असतं. मोफत चाचणीचे दिवस वापरून बघा, कार्ड रद्द करायची तारीख मात्र भिंतीवर लिहून ठेवा. लाहोर संग्रहालयातल्या पंजाबच्या रजिस्टरांमधून ३,२०,००० लोकांच्या नोंदींचा प्रकल्प झाला, त्याचा दाखला अनेक जण देतात. त्यात परत आलेल्यांचीही नावं आहेत, गावनिहाय. काम मोठं आहे, पण ते पंजाबचं आहे. त्यात मराठी मुलूख नाही, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

शेवटी कमिशनकडेच परत. नोंद सापडली पण बापाचं नाव किंवा गाव चुकलं असेल तर दुरुस्तीसाठी त्यांच्या संकेतस्थळावरून लिहिता येतं. नोंदच नसेल तर नवीन नावाचा प्रस्तावही देता येतो. दोन्हीसाठी समकालीन पुरावा लागतो : मृत्यूचं सैन्याकडून आलेलं पत्र, कुटुंब पेन्शनचा आदेश, तबकडी, रेकॉर्ड ऑफिसच्या लाँग रोलची प्रत. मोडीत लिहिलेला कागद असेल तर मूळ कागदाचा स्पष्ट फोटो, देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर असे तीनही जोडा. लिप्यंतर करणाऱ्याची सही घ्या. मूळ कागद कुणालाही, कुठेही टपालाने पाठवू नका.